खाडा

पदविका घेऊन मी पहिल्यांदा साइटवर रुजू झालो तेव्हा माझ्या हाती पहिली जी गोष्ट आली ती ओळंबा किंवा टेप नव्हे, तर मस्टर. सकाळी कामाला सुरुवात झाल्यावर एकदा आणि दुपारच्या जेवणानंतर एकदा ते घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरायचे. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला अर्धी रेघ, माणूस आला नाही तर फुली. फुलीला सगळे ‘खाडा’ म्हणत. दुसऱ्याच आठवड्यात घमेली वाहणाऱ्या बायकांपैकी एकीच्या पायात सेंट्रिंगच्या फळीचा खिळा गेला. चप्पल भेदून थेट तळव्यात. मुकादमाने खिळा उपसला, हळद दाबून चिंधी बांधली आणि तिला घरी पाठवले. ती तीन दिवस आली नाही. तिच्या नावापुढे काय लिहावे म्हणून मी घुटमळलो, तेव्हा मुकादम म्हणाला, “सायेब, खाडा लिवा. न्हाई आलं त्येचा खाडाच असतोय.” मी तीन फुल्या मारल्या. चौथ्या दिवशी ती लंगडत आली आणि तिची रेघ पुन्हा सुरू झाली. ते मस्टर आज कुणी उघडले तर त्याला एवढेच कळेल की ही बाई तीन दिवस कामावर नव्हती. लग्नाला गेली होती, गावाला गेली होती, की खोलीत पाय वर करून पडली होती, ते कागद सांगणार नाही.

बांधकामावरचे मोठे अपघात आपल्याला ठाऊक असतात. २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यातल्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि झोपेतली १५ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. २०२३ च्या १ ऑगस्टच्या पहाटे उजाडण्यापूर्वी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर चढवणारे अवजड यंत्र खाली आले आणि २० जण मरण पावले. अशा घटनांची बातमी होते, चौकशी लागते, नुकसानभरपाई जाहीर होते. पण साइटवर आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, तो या घटनांविषयी फार बोलत नाही. तो स्वतःचे हात दाखवतो. नखाखाली साकळलेले रक्त, वाकडे जुळलेले करंगळीचे हाड, पोटरीवरचा जुना व्रण, कोपरापर्यंत चरचरीत झालेली कातडी. यातल्या एकाही खुणेची नोंद कुठे झालेली नसते. ही नोंद का होत नाही, आणि न झाल्याने काय होते, ते पाहायचे तर आधी दुखापती कशा होतात ते नीट पाहायला हवे.

खिळ्यापासूनच सुरुवात करू. स्लॅब भरायचा म्हणजे आधी खाली टेकू उभे करून वर फळ्या-प्लेटांचा साचा बांधायचा, त्यावर सळ्यांची जाळी विणायची, मग काँक्रीट ओतायचे. काँक्रीट घट्ट झाल्यावर साचा खोलतात. खोलणाऱ्या टोळीला खोललेल्या चौरस फुटांवर पैसे मिळतात, फळीतले खिळे काढण्याचे मिळत नाहीत. म्हणून फळ्या खिळ्यांसकट खाली फेकल्या जातात आणि खिळे आकाशाकडे तोंड करून पडून राहतात. त्याच वाटेने डोक्यावर घमेले घेतलेली बाई जाते. ओल्या काँक्रीटचे भरलेले घमेले वीस-पंचवीस किलोंचे असते. ते डोक्यावर असताना मान खाली करून पायाखाली पाहता येत नाही. तिने पाहून चालायला हवे होते असे म्हणणारा माणूस कधी चुंबळ डोक्यावर ठेवून चाललेला नसतो.

सिमेंटची गोष्ट याहून चमत्कारिक आहे, कारण ते लागते तेव्हा कळतच नाही. पाण्यात कालवल्यावर सिमेंटमधून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याची निवळीच म्हणा, तयार होते. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात जातो; निरोगी कातडीचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. आम्ल अंगावर पडले तर तत्क्षणी आग होते आणि माणूस पाण्याकडे धावतो. अल्कलीचे तसे नाही. ती कातडीतल्या स्निग्धांशाचा अक्षरशः साबण करते. हाताला गुळगुळीत लागते, बरेही वाटते. स्लॅबच्या दिवशी ओल्या काँक्रीटमध्ये उभा असलेला बिगारी, किंवा त्यावर गुडघे टेकून पृष्ठभाग थापीने सारखा करणारा गवंडी, चार-चार तास त्यात असतो. बुटात शिरलेले काँक्रीट तर उघड्या पायापेक्षा वाईट, कारण ते आत धरून ठेवले जाते. संध्याकाळी पाय धुताना थोडी आग होते, तोवर कातडीच्या आतल्या थरांपर्यंत भाजणे पोहोचलेले असते. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर काळपट चट्टे उठतात. मग खोबरेल तेल लावायचे, आणि पुढच्या स्लॅबला पुन्हा गुडघे टेकायचे.

त्याच सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक विद्राव्य प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो. त्याची काही जणांना अॅलर्जी जडते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. बोटांच्या बेचक्यांत भेगा, खाज, पाणी सुटणे. असा गवंडी कामाला हात लावताच त्याचे हात फुटतात. माझ्या ओळखीचे एक गिलाव्याचे कारागीर होते. पंचेचाळिशीत त्यांनी थापी ठेवली आणि गावी शेळ्या घेतल्या. “सिमेंटनं हात खाल्लं,” एवढेच ते म्हणत. युरोपीय संघाने २००५ च्या जानेवारीपासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. त्यासाठी सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळले की पुरते. उपाय इतका साधा आहे की तो ऐकून मला आनंद होण्याऐवजी चीड आली. आपल्याकडे गवंड्याला रबरी हातमोजे दिले की विषय संपतो. ते हातमोजे तो घालत नाही, अशी तक्रार मग प्रत्येक सुपरवायझर करतो. पण मोज्यात सिमेंटचे पाणी शिरले तर काय होते ते त्याला माहीत असते, आणि थापीची पकड बोटांना कळावी लागते हेही.

डोळ्यांचे आणखी वाईट. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर लगेच, आणि पंधरा-वीस मिनिटे सलग, स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे लागते. त्यासाठी हाताशी नळ लागतो. सातव्या मजल्यावर, जिथे पाणी अजून चढलेले नाही, तिथे पदराच्या टोकाने डोळा पुसला जातो आणि चुन्याचे कण बुबुळावर घासले जातात.

आता उंची. पडणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विसावा मजला येतो. पण माणूस मोडायला एवढी उंची लागत नाही. तीन मीटरवरून, म्हणजे एका मजल्यावरून, पडलेला माणूस पाऊण सेकंदात ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. घोडीवरून किंवा शिडीवरून पडलेल्या माणसाचे मनगट, टाच, मणका जातो. तो मरत नाही, म्हणून ‘थोडक्यात वाचला’ असे म्हणतात. पुढची वीस वर्षे त्याला ओझे उचलता येणार नाही हे त्या ‘थोडक्यात’ बसत नाही. दहाव्या मजल्यावरून निसटलेली वीट खाली येईतो ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे गेलेली असते आणि तिला पोहोचायला अडीच सेकंद पुरतात. वरून कुणी “ए, बाजूला!” ओरडला तर खालचा माणूस आधी आवाजाच्या दिशेने वर पाहतो. अडीच सेकंद त्यातच जातात.

परांचीवरून पडणाऱ्यांपैकी बरेच जण तोल जाऊन पडत नाहीत, फळी उलटून पडतात. बांबूवर आडवी टाकलेली फळी आधाराच्या पलीकडे फूट-दीड फूट पुढे आलेली असते. ती दोरीने बांधलेली नसेल आणि गवंड्याने त्या पुढे आलेल्या टोकावर पाय दिला, तर दुसरे टोक तराजूच्या पारड्यासारखे वर उचलले जाते. फळी बांधायला काथ्याची हातभर दोरी लागते. पण भिंतीचा एक पट्टा झाला की फळ्या वर सरकवायच्या असतात, दिवसातून कितीतरी वेळा. दर वेळी सोडायचे आणि बांधायचे कोण? ज्याला प्लास्टरचे पैसे फुटावर मिळतात तो नाही. सेफ्टी बेल्टचेही असेच. बेल्ट हल्ली बहुतेक मोठ्या साइटवर दिसतात, फाटकावर तपासलेही जातात. तो अडकवायचा कशाला, हा प्रश्न मात्र फाटकावर विचारला जात नाही. ज्या बांबूवर माणूस उभा त्याच बांबूला बेल्ट अडकवला तर बांबू जाईल तिकडे माणूस जाईल. बेल्ट वेगळ्या, पक्क्या ठिकाणी बांधलेल्या दोराला अडकवायला हवा, आणि तो दोर बांधण्याचे काम कुणाच्याच कामात मोजलेले नसते. इमारतीभोवतीची हिरवी जाळी पाहून रस्त्यावरच्या माणसाला वाटते, हे पडणाऱ्यांसाठी असेल. ती धूळ आणि बारीक राडारोडा अडवते. माणसाला झेलणारी जाळी वेगळी असते, जाड दोरांची, आडवी ताणलेली. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना १९३६-३७ मध्ये पुलाखाली अशी जाळी लावली होती आणि तिच्यात पडून १९ कामगार वाचले. म्हणजे ही काही कालपरवा लागलेली युक्ती नव्हे.

धुळीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे. फरशी किंवा ग्रॅनाइट ग्राइंडरने कोरडे कापले की जो पांढरा ढग उठतो त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग तुलनेने निरुपद्रवी. तो नाकात अडकतो. पाच मायक्रॉनहून बारीक सिलिका फुप्फुसांच्या टोकापर्यंत जाऊन तिथेच राहते आणि वर्षांनी दम लागू लागतो. पात्यावर पाण्याची धार धरली की धूळ बरीच खाली बसते. पण तोंडाला रुमाल बांधलेला पोऱ्या खोलीत फरशी कापत असतो, पाणी सोडले तर आधी बसवलेली फरशी खराब होईल म्हणून ओरडा खातो. विजेचेही थोडक्यात: ग्राइंडरच्या वायरीला पिन नसते, उघडी टोके सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या असतात. आणि ओझे. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी प्रौढ पुरुषाने ५५ किलोंपर्यंत आणि स्त्रीने ३० किलोंपर्यंत वजन उचलावे असे ठरवले. आपल्याकडची सिमेंटची गोणी ५० किलोंची. म्हणजे कंबर दुखणाऱ्या पुरुषाला नियमाचा आधार नाही, आणि बाईच्या डोक्यावर गोणी दिली तर नियम मोडतो, पण ती देताना वजनकाटा कुणी आणत नाही.

आता नोंदीकडे येतो. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे अपघाताची खबर सरकारला द्यावी लागे ती मृत्यू झाला तर, किंवा जखमी माणूस ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर. २०२० च्या नव्या संहितेनेही ही ४८ तासांची रेघ तशीच ठेवली. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आणखी एक रेघ ओढत होता: असमर्थता तीन दिवसांहून अधिक टिकली तरच भरपाईचा प्रश्न. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही; प्रत्येक खरचटण्याचा कागद करत बसलो तर कामच होणार नाही, हा विचार कारखान्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. पण कारखान्यातल्या माणसाला पगारी रजा असते. बिगाऱ्याचे तसे नाही. रोज बुडाला की चूल अडते, आणि गावाहून निघताना घेतलेली उचल मुकादमाकडे फिटायची असते. तेव्हा ४८ तास घरी बसावे अशी दुखापत असूनही तो दुसऱ्या दिवशी येतो. सुपरवायझर त्याला बसल्या जागी काहीतरी काम देतो, विटा मोजायला, पाणी मारायला. त्याला त्यात माणुसकी वाटते आणि ती असतेही. पण त्याच माणुसकीने दुखापत ४८ तासांच्या आत बसते आणि कागदावर येत नाही.

जी दुखापत कागदावर येते, तिची किंमत मात्र कायद्याने कमालीच्या बारकाईने ठरवली आहे. भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत अवयवांची यादी आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असे धरायचे, तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४०. हिशेब असा: मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, गुणिले हे टक्के. तीस वर्षांच्या माणसासाठी वयाचा आकडा २०७.९८. वेतन कितीही असले तरी हिशेबात धरायची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये. म्हणजे तिशीतल्या फिटरची तर्जनी सळई कापण्याच्या यंत्रात गेली तर २,६२,०५४ रुपये. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा आपलीच बोटे टेबलावर पसरून पाहत बसलो होतो. या यादीत भाजलेले गुडघे नाहीत, फुटलेले हात नाहीत, दुखणारी कंबर नाही. आणि फिटरची तर्जनी लेखनिकाच्या तर्जनीइतकीच धरलेली आहे. फिटर तार पिळतो ती कशाने, हे अनुसूचीला ठाऊक नाही.

लहान दुखापती मोजून काय साधणार, असे कुणी विचारील. अमेरिकेत एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली एक पुस्तक लिहून असा सिद्धान्त मांडला की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ दुखापती आणि दुखापत न होता टळलेल्या ३०० घटना असतात. जगभरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी हा त्रिकोण भिंतीवर टांगला. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर पुष्कळ आक्षेप घेतले आणि ते बरोबरही आहेत; प्रत्येक उद्योगात हे प्रमाण एकच कसे असेल? शिवाय याच हाइनरिख यांनी ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात असेही म्हटले होते, आणि सगळ्या जगातल्या ठेकेदारांना ते वाक्य त्रिकोणापेक्षा जास्त आवडले. आपल्याकडे त्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणतात. पण आकडे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. न बांधलेली फळी पहिल्या मजल्यावर उलटली तर घोटा मुरगळतो, आठव्यावर उलटली तर माणूस जातो. फळी तीच, दोरी न बांधण्याचे कारण तेच. पहिल्या मजल्यावरचा मुरगळलेला घोटा जर कुणी लिहून ठेवला असता, तर आठव्या मजल्यावर जाईपर्यंत विचार करायला सात मजल्यांचा वेळ होता.

नोंद नसण्याचा दुसरा तोटा थेट कामगाराच्या पदरी येतो. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला आणि त्यातून कामगारांसाठी कल्याणकारी मंडळे उभी राहिली. महाराष्ट्रातही मंडळ आहे. त्याचा लाभ हवा तर नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आज हा ठेकेदार, उद्या तो. दाखला देणार कोण? आणि सगळे कागद जमले तरी एक अडचण उरते, जी मी स्वतः पाहिली आहे. ओळख पटवायला यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. तीस वर्षे विटा आणि सिमेंट हाताळलेल्या एका गवंड्याचा अंगठा यंत्र घेईना. पुसून पाहिला, पाण्याने ओला केला, दुसऱ्या बोटाचा प्रयत्न केला. रेषाच उरल्या नव्हत्या. खिडकीमागचा मुलगा चांगला होता. “काका, थोडे दिवस काम बंद ठेवा, रेषा परत येतील, मग या,” असे तो अगदी आपुलकीने म्हणाला. काका हसले. मला हसू आले नाही.

नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका साइटवर मी मस्टरच्या जोडीला एक शंभर पानी वही ठेवली. तिला नाव नव्हते. कुणाला काहीही लागले की तारीख, जागा, कशाने लागले, एवढेच लिहायचे. कुणाची चूक, हे लिहायचे नाही. पहिले काही दिवस कुणी सांगेना. सांगितले तर काढून टाकतील ही भीती. मग घमेलेवाल्या मावश्यांनी सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्या मला जिन्यात गाठून सांगू लागल्या. एका आठवड्यात खिळ्याच्या सात नोंदी झाल्या, सातही पूर्वेच्या जिन्याखालच्या एकाच कोपऱ्यातल्या, जिथे खोललेल्या फळ्या टाकत. मी एका म्हाताऱ्या बिगाऱ्याला हातोडी देऊन तिथे बसवले. दिवसभर खिळे काढायचे, सरळ करायचे, डब्यात भरायचे. सरळ केलेले खिळे सेंट्रिंगवाल्यालाच परत विकता येतात हे त्याच्या लक्षात आले तेव्हापासून त्याला दुसरे काम नकोसे झाले. त्या कोपऱ्यातल्या नोंदी थांबल्या. मग डोळ्यांच्या नोंदी वाढताहेत असे दिसले, म्हणून प्रत्येक चालू मजल्यावर झाकणाचा एक ड्रम आणि तांब्या ठेवला.

पावसाळ्यापूर्वी वरिष्ठ पाहणीला आले. वही टेबलावर होती. त्यांनी ती चाळली, पाने उलटली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?” मी म्हणालो, कुणी नाही. ते म्हणाले, “उद्या काही झालं आणि ही वही कुणाच्या हाती लागली, तर आपल्याला सगळं आधीच माहीत होतं असं ठरेल.” वही ते घेऊन गेले. हातोडीवाल्या म्हाताऱ्याला मी तसाच ठेवला, मस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ‘किरकोळ काम’ असे लिहून.